‘संदेश’च्या पानांसाठी : सत्यजित राय यांचे वाचन आणि बाललेखन

बालसाहित्यिकाच्या प्रेरणांचा शोध बहुधा त्याच्या बालपणात, घरातल्या मुलांमध्ये किंवा निसर्गाच्या सहवासात घेतला जातो. सत्यजित राय (1921–1992) यांच्या बाबतीत मात्र तो एका मासिकाच्या रिकाम्या पानांपासून सुरू करावा लागतो. 1961 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने ‘संदेश’ हे मुलांचे बंद पडलेले बंगाली मासिक पुन्हा सुरू केले. तोपर्यंत चित्रपट दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव जगभर झालेले असले, तरी कथालेखक म्हणून त्यांच्या खात्यावर तरुणपणी ‘अमृत बझार पत्रिके’त छापून आलेल्या दोन इंग्रजी कथांपलीकडे फारसे काही नव्हते. पुढच्या तीस वर्षांत त्याच लेखणीतून फेलूदाच्या 35 रहस्यकथा, प्रोफेसर शंकूच्या विज्ञानकथांची मोठी मालिका आणि भय, गूढ व विनोद यांच्या सीमेवर वावरणाऱ्या अनेक लघुकथा उतरल्या. लेखक व्हावे असा आपला मुळात विचार नव्हता, ‘संदेश’ला मजकूर पुरवायचा म्हणून लिहू लागलो, असे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. हे विधान केवळ विनयाचे समजून बाजूला सारण्याजोगे नाही, कारण त्यांच्या बाललेखनाची घडण नेमकी त्यातूनच उलगडते : निकड मासिकाची होती आणि ती भागवण्यासाठी लागणारे भांडवल वाचनाचे होते.

हे मासिक राय यांच्या घरचेच होते. त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी 1913 मध्ये ते सुरू केले. उपेंद्रकिशोर हे लेखक, चित्रकार, व्हायोलिनवादक आणि मुद्रणतज्ज्ञ होते, आणि भारतात हाफटोन छपाईचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. हाफटोन म्हणजे छायाचित्रातल्या किंवा चित्रातल्या फिक्या-गडद छटांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करून, त्यांचा धातूवर ठसा घेऊन ते छापण्याजोगे करण्याची पद्धत. या विषयावरचे त्यांचे लेख ‘पेनरोझ ॲन्युअल’ या इंग्लंडमधल्या मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्ध झाले होते. मुलांसाठी सांगितलेल्या रामायण-महाभारताला आणि लोककथांना चांगली चित्रे हवीत आणि ती चित्रे पुसट, काळवंडलेली छापली जाता कामा नयेत, या आग्रहातून हे तंत्र त्यांनी आत्मसात केले. मराठीत वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ 1906 मध्ये सुरू झाले होते, म्हणजे मुलांच्या मासिकाची कल्पना ‘संदेश’च्या आधीच आपल्याकडे रुजली होती, परंतु संपादक, लेखक, चित्रकार आणि छापखान्याचा मालक ही चारही कामे एकाच माणसाने, आणि त्याच्यानंतर त्याच्याच मुलाने, उचलावीत हे ‘संदेश’चे वेगळेपण होते. हा मुलगा म्हणजे सुकुमार राय. त्यांनी इंग्लंडमध्ये मुद्रणाचे शिक्षण घेतले, वडिलांच्या निधनानंतर मासिक चालवले आणि बंगालीत अर्थहीनतेचे काव्य, म्हणजे तर्काला मुद्दाम आडवाटेला नेऊन हसवणारी कविता, अशा उंचीवर नेली की तिची सर नंतर फार थोड्यांना आली. काळाआजाराने 1923 मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ‘आबोल ताबोल’ हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध कवितासंग्रह त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी बाहेर पडला. तेव्हा सत्यजित अडीच वर्षांचे होते.

वडिलांची म्हणण्यासारखी आठवण नसलेल्या या मुलाला वडील भेटले ते छापील पानांतून, आणि ती पाने जेथे तयार होत तो छापखाना तर राहत्या घरातच होता. कोलकात्यातल्या गडपार रस्त्यावरच्या त्या घरात टाइप जुळवण्याचा, ब्लॉक तयार करण्याचा आणि छपाईचा विभाग होता, आणि पुढे बालपणीच्या आठवणी लिहिताना राय यांनी टर्पेंटाइनच्या वासाचा उल्लेख केला आहे, कारण तो वास आला की ब्लॉक बनवण्याची ती खोली त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहत असे. मोठ्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्या कारागिराकडे कागदावर मारलेल्या रेघोट्या नेऊन ‘हे संदेशमध्ये छापा’ असे सांगण्याचा खेळही त्यांनी तेथे केला. लेखनाबद्दल पुढे त्यांचा जो दृष्टिकोन दिसतो त्याची मुळे येथे शोधली तर ती अप्रस्तुत ठरू नयेत : पुस्तक आकाशातून पडत नाही, ते खिळे, शाई, कागद आणि ठरलेली तारीख यांतून तयार होते, हे त्यांना वाचता येण्यापूर्वीच ठाऊक झाले होते. सुकुमारांच्या निधनानंतर व्यवसाय डबघाईला आला, छापखाना आणि घर दोन्ही गेले, आणि आई सुप्रभा राय मुलाला घेऊन भवानीपूरला आपल्या भावाकडे राहायला गेल्या. ‘संदेश’ही काही काळाने बंद पडले.

भवानीपूरच्या घरातले वाचन वेगळ्या वळणाचे होते. ‘बुक ऑफ नॉलेज’ हा मुलांसाठी लिहिलेला दहा खंडांचा इंग्रजी ज्ञानकोश त्यांच्या बालपणीच्या वाचनाचा मुख्य आधार होता, आणि थोरांच्या चरित्रकथांच्या एका पुस्तकातून त्यांची बीथोवनशी पहिली ओळख झाली. पाश्चात्त्य संगीताची त्यांची आयुष्यभराची ओढ अशी छापील पानावरून सुरू झाली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे आर्थर कॉनन डॉयल, ज्यूल्स व्हर्न आणि एच. जी. वेल्स हे लेखक वाचनात आले. थोडक्यात, बंगाली बालवाङ्मयाचे दोन आधारस्तंभ ज्या घरात झाले त्या घरातला हा मुलगा वाढला तो बराचसा इंग्रजी पुस्तकांवर, आणि तरुणपणी आपले बंगाली वाचन फार तोकडे होते हे त्यांनी कधी लपवले नाही. शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी यांच्याकडे चित्रकला शिकत असताना भारतीय कलेकडे त्यांची दृष्टी वळली. त्या काळात मित्रांबरोबर केलेल्या प्रवासात त्यांनी अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीची लेणी पाहिली, आणि तो प्रवास त्यांच्या बाललेखनात पुढे कसा उतरला ते यथावकाश येईलच.

बंगाली साहित्याकडे त्यांना खऱ्या अर्थाने आणले ते मात्र पोटापाण्याच्या कामाने. 1943 पासून ते डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात संस्थेत चित्रकार होते आणि तेथलेच सहकारी दिलीपकुमार गुप्ता यांनी काढलेल्या ‘सिग्नेट प्रेस’ या प्रकाशनसंस्थेसाठी मुखपृष्ठे व आतली चित्रे करीत. मुखपृष्ठ करायचे तर पुस्तक वाचले पाहिजे, या साध्या व्यावसायिक नियमातून जीवनानंद दास यांच्यापासून विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्यापर्यंतचे आधुनिक बंगाली साहित्य त्यांच्या हाती आले. विभूतिभूषणांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती ‘आम आँटिर भेंपू’ या नावाने सिग्नेटने काढायचे ठरवले. भेंपू म्हणजे आंब्याची कोय घासून मुले जी पिपाणी करतात ती. या आवृत्तीसाठी राय यांनी चित्रे काढली आणि त्या निमित्ताने मूळ कादंबरी वाचली. यातून चांगला चित्रपट होईल असे गुप्ता यांनी त्यांना सुचवले होते, आणि चित्रासाठी निवडलेले कितीतरी प्रसंग 1955 च्या चित्रपटात दृश्ये म्हणून आले. जगाच्या चित्रपटसृष्टीत भारताचे नाव ज्या कलाकृतीने नेले तिचे बीज मुलांच्या एका पुस्तकाच्या सजावटीत होते, हे राय यांच्या चित्रपटांवर लिहिणाऱ्यांनी सांगितले आहेच. बाललेखनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, चित्र काढण्यासाठी वाचणे ही वाचनाची एक स्वतंत्र रीत आहे. असा वाचक दर पानाला खोली केवढी, उजेड कोठून येतो, माणूस कोठे उभा आहे, हे विचारत जातो. राय यांच्या कथांत जागेचे वर्णन चार वाक्यांत संपते आणि तरीही वाचकाला खोलीतली वाट सापडते, याचे कारण या रीतीत आहे असे म्हणता येते.

‘संदेश’ पुन्हा निघाले ते 1961 हे वर्ष राय यांच्यासाठी निवांत नव्हते. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्यावरचा अनुबोधपट आणि त्यांच्या तीन कथांवरचा ‘तीन कन्या’ हा चित्रपट ही दोन्ही कामे त्याच वर्षातली होत. तरीही दरमहा अंक निघायचा होता, आणि पहिल्याच अंकासाठी त्यांनी एडवर्ड लिअर यांच्या ‘जम्ब्लीज’ या कवितेचे ‘पापांगुल’ हे बंगाली रूप केले. लुईस कॅरल यांच्या ‘जॅबरवॉकी’चे ‘जबरखाकी’ हे रूपांतरही त्यांचेच. लिअर आणि कॅरल हे सुकुमार राय यांच्या काव्याचे इंग्रज पूर्वसुरी. वडिलांच्या वाटेवर थेट पाऊल टाकण्याऐवजी वडील ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याकडे मुलाने आधी जावे, यात संकोचही असेल आणि शहाणपणही. अनुवाद हा होतकरू लेखकाचा सर्वांत प्रामाणिक सराव असतो, कारण त्यात कल्पना उसनी असते आणि भाषेची जबाबदारी मात्र पूर्णपणे स्वतःची.

त्याच वर्षी ‘संदेश’मध्ये ‘व्योमयात्रीर डायेरी’ ही प्रोफेसर त्रिलोकेश्वर शंकू यांची पहिली कथा आली. गिरिडीहला राहणारा हा एककल्ली शास्त्रज्ञ, त्याचे न्यूटन नावाचे मांजर, प्रल्हाद नावाचा नोकर आणि विधुशेखर नावाचा यंत्रमानव यांना घेऊन मंगळाकडे निघतो, आणि त्याची दैनंदिनी पुढे सुंदरबनात उल्केच्या खड्ड्यात सापडते. या कथेची वंशावळ मनोरंजक आहे. कॉनन डॉयल यांनी 1912 मध्ये ‘द लॉस्ट वर्ल्ड’ या कादंबरीत तापट प्रोफेसर चॅलेंजर उभा केला. सुकुमार राय यांनी त्याच कादंबरीचे विडंबन, म्हणजे मूळ रचनेची ढब उचलून केलेली थट्टा, ‘हेशोराम हुशियारेर डायेरी’ या दैनंदिनीवजा कथेत केली आणि लॅटिन धाटणीची हास्यास्पद नावे असलेले प्राणी त्यात सोडले. आणि सत्यजित राय यांनी चॅलेंजरचे बेमुर्वत पांडित्य व हुशियारची दैनंदिनी यांचा मिलाफ करून शंकू घडवला. शंकूच्या पहिल्या कथेतले नस्यास्त्र, म्हणजे समोरच्याला बेसुमार शिंकायला लावणारे शस्त्र, हे सरळसरळ सुकुमारी विनोदाचे अपत्य आहे. मालिका पुढे गेली तसा हा विनोद ओसरत गेला, शंकू परदेशी परिषदांना जाऊ लागला आणि कथांना साहसकथेचे गांभीर्य आले. पहिल्या कथांतला खट्याळपणा नंतरच्या कथांत राहिला नाही ही वाचकांची हळहळ रास्त आहे. पण एखाद्या लेखकाने वडिलांचा आवाज काही काळ वापरून मग तो खाली ठेवला, असाही त्याचा अर्थ लावता येतो.

विज्ञानकथेचे राय यांचे वाचन अद्ययावत होते. रे ब्रॅडबरी आणि आर्थर क्लार्क यांच्या कथांचे त्यांनी बंगालीत अनुवाद केले, आणि बंगालीतल्या पहिल्या विज्ञानकथा-मासिकाचे संपादक अद्रीश वर्धन यांच्यासह कोलकात्यात चालवलेल्या विज्ञानकथा चित्रपट मंडळाचे ते अध्यक्ष होते. 1962 मध्ये ‘संदेश’मध्ये आलेल्या ‘बंकूबाबूर बंधू’ या कथेत परग्रहावरचा प्राणी कोठल्या राजधानीत किंवा प्रयोगशाळेत उतरत नाही, तर बंगालच्या एका खेड्यात, सर्वांच्या चेष्टेचा विषय झालेल्या गरीब शाळामास्तराच्या वाटेत, बांबूच्या बनात उतरतो. त्या काळच्या पाश्चात्त्य कथांत परग्रहवासी बहुतेक वेळा आक्रमक म्हणून येत असताना हा पाहुणा मित्र म्हणून येतो आणि मास्तरांना ताठ मानेने बोलायला शिकवून जातो. वाचन एकीकडचे आणि माणसे दुसरीकडची असली की काय घडू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. याच कल्पनेचा विस्तार करून 1967 मध्ये त्यांनी ‘द एलियन’ ही पटकथा लिहिली. ती पडद्यावर आली नाही.

फेलूदाची गोष्ट निराळी. प्रदोषचंद्र मित्तर ऊर्फ फेलूदा हा कोलकात्याच्या रजनी सेन रस्त्यावर राहणारा तरुण खाजगी गुप्तहेर, आणि त्याच्या कथा सांगणारा तोपशे हा त्याचा किशोरवयीन चुलतभाऊ. ‘दा’ हा बंगालीत थोरल्या भावासाठी लावायचा आदरार्थी प्रत्यय असल्यामुळे सगळ्या मालिकेला घरगुतीपणा आपोआप येतो. शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांची जोडी येथे उघड दिसते, आणि राय यांनी ती लपवण्याऐवजी कथेतच मान्य केली : फेलूदा होम्सला गुरू मानतो आणि मालिकेतल्या ‘लंडने फेलूदा’ या उत्तरकालीन कथेत तो बेकर स्ट्रीटवर जाऊनही येतो. उसनवारीची अशी जाहीर पोच दिली की लेखक मोकळा होतो. मग सांगाडा डॉयलचा राहतो आणि रक्तमांस स्वतःच्या अनुभवाचे भरता येते. राय यांच्याकडे हा अनुभव होता तो चित्रपटांसाठी केलेल्या भटकंतीचा. 1962 चा ‘कांचनजंघा’ त्यांनी दार्जिलिंगला चित्रित केला आणि 1965 मध्ये ‘संदेश’मध्ये सुरू झालेली फेलूदाची पहिली कथा दार्जिलिंगच्या मॉलवरच घडते. ‘अपराजितो’साठी काशीचे घाट त्यांनी बारकाईने अभ्यासले होते, आणि वीस वर्षांनी फेलूदा ‘जय बाबा फेलूनाथ’मध्ये त्याच घाटांवर वावरताना दिसतो.

या देवघेवीचा सर्वांत नमुनेदार प्रवास ‘सोनार केल्ला’चा आहे. उपेंद्रकिशोरांनी 1915 च्या सुमारास ‘संदेश’मध्ये गुपी आणि बाघा या बेसूर गवई-वादकांची कथा लिहिली होती, राय यांचा मुलगा संदीप याने मुलांना आवडेल असा चित्रपट का काढत नाही असे विचारल्यावरून राय यांनी तीच कथा निवडली आणि 1969 मध्ये ‘गुपी गाइन बाघा बाइन’ प्रदर्शित झाला. त्याच्या चित्रीकरणासाठी राजस्थानात गेले असता त्यांनी जैसलमेरचा पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला पाहिला, जो उन्हात सोन्यासारखा झळाळतो. पूर्वजन्माच्या आठवणी सांगणाऱ्या मुलांचा अभ्यास करणारे परामानसशास्त्र, म्हणजे नेहमीच्या मानसशास्त्राच्या कक्षेबाहेरच्या अनुभवांची चिकित्सा करू पाहणारी शाखा, त्या काळात राजस्थानातच चर्चेत होते, आणि त्याच्याबद्दल राय यांना कुतूहल होते. किल्ला आणि हा विषय एकत्र आले आणि 1971 मध्ये ‘सोनार केल्ला’ ही कादंबरी झाली : मुकुल नावाचा मुलगा मागच्या जन्मी पाहिलेल्या सोन्याच्या किल्ल्याची चित्रे काढतो, आणि गुप्तधनाच्या लोभाने दोन भामटे त्याच्या मागे लागतात. मुकुलच्या वडिलांचे कोलकात्यात पुस्तकांचे दुकान आहे, हा तपशील राय यांनी सहज घातला असेल असे वाटत नाही. 1974 मध्ये त्याच कादंबरीवर त्यांनी चित्रपट केला, आणि त्यानंतर जैसलमेरला जाणाऱ्या बंगाली प्रवाशांचा ओघ असा वाढला की तेथे तो किल्ला ‘सोनार किल्ला’ म्हणून सांगितला जाऊ लागला. आजोबांच्या कथेतून चित्रपट, चित्रपटाच्या वाटेवर किल्ला, किल्ल्यावरून कादंबरी आणि कादंबरीवरून पुन्हा चित्रपट असा हा फेरा आहे, आणि त्यात प्रेरणा नेमकी कोणत्या टप्प्यावर आली हे कोणाला सांगता येणार नाही.

महाराष्ट्राशी आलेला संबंधही असाच भटकंतीतून आलेला. विद्यार्थिदशेत पाहिलेले वेरूळ तीस वर्षांनी ‘कैलासे केलेंकारी’ या फेलूदा-कथेत परतले. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातून चोरीला गेलेले यक्षीचे शिर, मूर्तींची तस्करी आणि तिचा माग काढत औरंगाबादमार्गे वेरूळच्या कैलास लेण्यात पोहोचलेला फेलूदा, असा तिचा आराखडा आहे. लेण्यांतल्या मूर्तींची शिरे कापून परदेशी विकणे हा त्या काळातला खरा आणि संतापजनक प्रकार होता, आणि राय यांचा राग या कथेत इतर कथांपेक्षा अधिक जाणवतो. फेलूदा येथे पैशासाठी काम करत नाही, कोणी अशीलही नाही. ‘बोम्बाइयेर बोंबेटे’ ही कथा मात्र मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीची मिस्कील टर उडवते.

टर उडवण्याचे हे काम ज्याच्या आधाराने होते तो लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू. ‘सोनार केल्ला’मध्ये रेल्वेच्या डब्यात तो प्रथम भेटतो आणि मालिकेचा तिसरा खांब होऊन बसतो. जटायू हे त्याचे टोपणनाव, तो मुलांसाठी साहसकथा लिहितो, त्याची पुस्तके धडाधड खपतात, त्यातून तो हिरवी ॲम्बॅसेडर घेतो. आणि त्याच्या पुस्तकांत भूगोल, प्राणिशास्त्र व इतिहास यांच्या चुका जागोजागी असतात, ज्या फेलूदा शांतपणे दाखवतो आणि जटायू पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करायचे कबूल करतो. बालसाहित्यिकाने बालसाहित्यातच बालसाहित्यिकाची इतकी प्रेमळ खिल्ली उडवावी, याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. त्याच्या समोर राय यांनी सिधू ज्याठा उभे केले आहेत. ज्याठा म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. हे वृद्ध गृहस्थ पुस्तकांच्या गराड्यात बसलेले असतात, वर्तमानपत्रांची कात्रणे जपतात आणि त्यांची स्मरणशक्ती अशी की फेलूदाला कोठली माहिती अडली तर तो आधी त्यांच्याकडे धावतो. आंतरजाल नसलेल्या काळातला हा चालताबोलता ज्ञानकोश भवानीपूरच्या त्या दहा खंडांचा वारस आहे. न वाचता लिहिणारा यशस्वी लेखक आणि न लिहिता वाचत राहणारा निरिच्छ वाचक या दोघांच्या मधोमध फेलूदा उभा असतो, आणि स्वतः राय कोणाच्या बाजूला झुकतात याविषयी वाचकाच्या मनात शंका राहत नाही. तरी जटायूलाच त्यांनी अधिक जागा दिली, हे कथाकाराचे भान.

लेखनाची प्रत्यक्ष रीत साधी होती. ‘खेरोर खाता’ म्हणजे बंगालमधले दुकानदार हिशोबासाठी वापरतात तशा लाल कापडी बांधणीच्या चोपड्या. राय अशाच चोपड्या वापरत, आणि त्यांतच पटकथेचे खर्डे, वेशभूषेची रेखाटने, संगीताच्या नोंदी आणि कथांची टिपणे एकमेकांशेजारी सापडतात. कथेबरोबरची चित्रे तेच काढत, मुखपृष्ठे तेच करत आणि ‘संदेश’मधल्या इतर लेखकांच्या मजकुरालाही चित्रे देत. संपादनात पुढे लीला मजुमदार या त्यांच्या आत्या आणि नलिनी दास या नात्यातल्या थोरल्या भगिनी सामील झाल्या, म्हणजे मासिक पुन्हा घरचे कार्य झाले. 1970 पासून फेलूदाच्या दीर्घ कथा ‘देश’ साप्ताहिकाच्या शारदीय अंकात येऊ लागल्या. दुर्गापूजेच्या सुमारास निघणारे हे जाडजूड वार्षिक विशेषांक म्हणजे मराठी वाचकाच्या ओळखीचे दिवाळी अंकच, आणि दिवाळी अंकाची मुदत लेखकाकडून काय काय लिहून घेते हे येथे वेगळे सांगायला नको. वर्षाला एक चित्रपट करणाऱ्या माणसाने ही मुदत वर्षानुवर्षे पाळली. त्यात अर्थकारणही होते : चित्रपटांतून त्यांना मिळणारे उत्पन्न बेताचे असे आणि उत्तरायुष्यात घरखर्च मुख्यत्वे पुस्तकांच्या मानधनावर चालत असे. 1983 मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर चित्रीकरण जवळजवळ थांबले, लेखन मात्र चालू राहिले.

या साहित्यातली एक उणीव दृष्टीआड करता येत नाही. फेलूदाच्या जगात मुली जवळपास नाहीत. किशोरांसाठी लिहायचे म्हणून प्रौढांच्या वासनांवर आधारलेले गुन्हे वर्ज्य करावे लागतात आणि त्यामुळे रहस्यकथाकाराचे हात बांधले जातात, अशी अडचण राय यांनी बोलून दाखवली होती, आणि ती खोटी नाही; परंतु तिच्यामुळे चोरी, मूर्ती, हस्तलिखिते व वारसाहक्क यांचे गुन्हे का निवडले हे कळते, तोपशेच्या वयाची एखादी चौकस मुलगी का नाही हे कळत नाही. विशेष म्हणजे त्याच ‘संदेश’मध्ये नलिनी दास वसतिगृहात राहणाऱ्या चार मुलींच्या शोधकथा लिहीत होत्या, तेव्हा उदाहरण शेजारच्या पानावर होते. अशोक जैन यांनी केलेल्या आणि रोहन प्रकाशनाने काढलेल्या अनुवादांतून फेलूदा मराठीत आला, तेव्हा भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर वाढलेल्या पिढीला हे मुलग्यांचे जग अपरिचित वाटले नसणार. जटायूचे मोडके हिंदी तर मराठी वाचकाला आपल्याच आळीतले वाटावे.

शेवटच्या वर्षांत राय यांच्या वाचनात एक नवा प्रकार मोठ्या प्रमाणावर आला, तो म्हणजे वाचकांची पत्रे. मुले त्यांना लिहीत आणि बेधडक लिहीत : आताच्या कथांत पूर्वीसारखी रंगत नाही, जटायू हसवेनासा झाला आहे. प्रकृती ढासळलेली असताना, सत्तरीकडे झुकलेल्या लेखकाने अशी पत्रे बाजूला ठेवली असती तरी कोणी दोष दिला नसता. राय यांनी त्यांच्यापासूनच पुढच्या कथेला सुरुवात केली. ‘नयन रहस्य’ उघडते तेव्हा फेलूदा खिन्न बसलेला असतो, कारण वाचकांनी पत्रे पाठवून त्याच्या अलीकडच्या कथा फिक्या पडल्याचे कळवलेले असते, आणि त्याचा सगळा राग तोपशेच्या लेखणीवर आहे.